नावातला कॅप्टन

(ऋषिपंचमीच्या संध्याकाळी, ८ सप्टेंबर २०२४ रोजी, मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ऋषिपंचमी. घरोघरी ऋषीची भाजी झाली आहे, पोट हलके आहे, तेव्हा व्याख्यान जरा जड झाले तरी पचेल असे धरून आम्ही उभे आहोत. कार्यक्रमपत्रिकेत विषय छापला आहे ‘दोन महायुद्धांमधला व्यावसायिक खेळाडू’. मंडळाने हा विषय दिला तेव्हा आधी मनात आले ते इंग्लंडचे फुटबॉलवाले. त्यांच्याविषयी थोडे वाचूनही झाले. मग व्याख्यानाची तारीख पाहिली, ८ सप्टेंबर, आणि तितक्या लांब जायचे कारण उरले नाही. १९०८ साली याच तारखेला जबलपूरला एक मुलगा जन्मला. त्याचे नाव आपण सगळे वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. स्टेशनवर रिक्षावाल्याला सांगताना घेतो, पाहुण्यांना पत्ता समजावताना घेतो. कॅप्टन रूपसिंग स्टेडियम.

२४ फेब्रुवारी २०१० हा दिवस इथे कुणाला आठवत नाही? दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने १४७ चेंडूंत नाबाद २०० केले, एकदिवसीय सामन्यात पुरुषांमध्ये पहिल्यांदाच कुणी तो आकडा गाठला, आणि तो आपल्या गावात. आमच्या घरी त्या दिवशी पुण्याहून पाहुणे आले होते. रात्री जेवताना त्यांनी सहज विचारले, ‘हे रूपसिंग कोण हो? सरदारजी का?’ घरातल्या एकाने ठोकून दिले, ‘जुने क्रिकेटचे कॅप्टन असतील.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. चार पिढ्या लष्करात काढलेले घर आमचे, आणि हे आमचे ज्ञान!

तर आधी हे निस्तरू. रूपसिंग सरदारजी नव्हते, बैस रजपूत होते. क्रिकेटचे कप्तान नव्हते. क्रिकेट आणि टेनिस दोन्ही खेळत, पण त्यांचा खेळ हॉकीचा. आणि हॉकीतही ते ऑलिंपिक संघाचे कप्तान कधी नव्हते. १९३२ मध्ये कप्तान लालशाह बुखारी होते, १९३६ मध्ये रूपसिंगांचे सख्खे थोरले भाऊ ध्यानचंद. मग हा कॅप्टन कशाचा? तो आपल्या ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेचा. नावामागचे ते एक पद म्हणजे त्यांची नोकरी आणि त्यांची भाकरी. आजचा विषय तिथेच आहे.

वडील समेश्वरसिंग इंग्रजांच्या फौजेत. बदल्या होत होत कुटुंब झाशीला स्थिरावले. झाशी आणि ग्वाल्हेर हा आपल्या लोकांचा राबता किती जुना आहे ते इथे सांगायला नको. राणीसाहेब इकडे आल्या आणि इथेच राहिल्या. ध्यानचंद १९२२ साली शिपाई म्हणून पलटणीत भरती झाले. रूपसिंग त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. झाशीच्या मैदानावर दोघे भाऊ खेळत, आणि ‘झाशी हीरोज’ हा त्यांच्या गावचा संघ. या संघाने १९३३ साली कलकत्त्याला जाऊन बेटन कप जिंकला, तोही कलकत्ता कस्टम्सला हरवून. ध्यानचंद पुढे सांगत की आपल्याला सर्वांत आवडलेला सामना कोणता विचाराल तर तो हा. ऑलिंपिकचा एकही नाही.

कलकत्ता कस्टम्स हे नाव ध्यानात ठेवा. कस्टम्स म्हणजे जकात खाते. त्या काळचे मोठे संघ बघितले तर एक कस्टम्सचा, एक बंदराचा, काही रेल्वेचे, काही पलटणींचे आणि काही संस्थानांचे. खेळायचे पैसे कुणालाही मिळत नसत. मिळत असे ती नोकरी. म्हणजे कागदावर कुणी कारकून, कुणी गार्ड, कुणी नाईक, सगळे ‘हौशी’. आणि हौशी असल्याशिवाय ऑलिंपिकमध्ये प्रवेश नाही. हौशी कोणाला म्हणायचे या भांडणातून १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळलाच गेला नाही. हॉकी मात्र खेळली गेली, ती तीनच देशांत.

हौशी खेळाडूची रजा कुणाच्या हातात? अर्थात साहेबाच्या. १९३२ च्या निवडीसाठी प्रांताप्रांतांच्या स्पर्धा झाल्या तेव्हा ध्यानचंदना पलटणीने रजा दिली नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅममध्ये सुवर्णपदक आणलेला खेळाडू, आणि त्याला रजा नाही! महासंघाने शेवटी चाचणीशिवाय त्यांना घेतले. रूपसिंगांना मात्र खेळूनच जागा मिळवावी लागली. ते थोरल्या भावाच्या वशिल्याने गेले असे कुणी म्हणत असेल तर त्याला हे सांगावे.

आता एक गोष्ट, जी सगळे सांगतात. निवड झाली तेव्हा रूपसिंग जायला तयार होईनात. कारण काय, तर अंगावर घालायला धड कपडे नाहीत. ध्यानचंदांनी स्वतःच्या पैशाने कपडे शिवून दिले तेव्हा स्वारी बोटीवर चढली. गोष्टीला थोडे मीठमसाला लागले असेल, पण त्या काळचा शिपायाचा पगार आठवला तर खोटी वाटत नाही. संघाची स्थितीही याहून फार बरी नव्हती. कोलंबो, जपान करत बोट अमेरिकेला गेली आणि परतीच्या वाटेवर गावोगाव सामने खेळून खर्चाची तोंडमिळवणी करावी लागली. त्या दौऱ्यात एकूण ३७ सामने झाले, ३४ जिंकले, गोल ३३८.

लॉस एंजेलिसला भारताचे सामने दोनच. जपानला ११-१ असे हरवले. त्यात ध्यानचंदांचे ४ गोल, रूपसिंगांचे ३. मग ११ ऑगस्टला अमेरिकेशी सामना. तो २४-१! भारताविरुद्ध तो एक गोल झाला कसा, याचीही गोष्ट सांगतात: गोलरक्षक रिचर्ड ॲलन मैदानाबाहेर लोकांना सह्या देत उभे होते. खरे-खोटे ॲलनसाहेब जाणोत. आपल्याला आकडे बघायचे आहेत. त्या २४ पैकी ध्यानचंदांचे ८ आणि रूपसिंगांचे १०. दोन सामने मिळून थोरल्याचे १२ आणि धाकट्याचे १३.

हा आकडा आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा बेरीज दोनदा केली. ध्यानचंदांचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे, त्यांच्या जन्मदिवशी देश क्रीडा दिन पाळतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा माणूस आमच्या गावचा धाकटा भाऊ होता. स्वतः ध्यानचंद म्हणत की रूप माझ्याहून सरस. भाऊ भावाविषयी बोलतो ते थोडे बाजूला ठेवू. तरी रूपसिंग इनसाइड लेफ्टला खेळत, म्हणजे मध्यावर ध्यानचंद आणि त्यांच्या डाव्या हाताला हे, आणि फटका इतका जबर की समोरच्याला लागेल म्हणून थोरला भाऊच रागावत असे, असे जुने लोक सांगत.

आता थोडा वेळ इंग्लंडला जाऊ, कारण विषय तिथून निघाला. त्याच वर्षांत तिकडे लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबात डिक्सी डीन खेळत होता. १९२७-२८ च्या मोसमात लीगच्या ३९ सामन्यांत त्याने ६० गोल केले. तिथल्या पहिल्या श्रेणीत तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. हा उघड व्यावसायिक. क्लबाने १९२५ मध्ये त्याला ३,००० पौंड मोजून ट्रॅनमेअरकडून घेतला. ते पैसे क्लबाने क्लबाला दिले. खेळाडूच्या हातात आठवड्याला पडायचे फार तर ८ पौंड, आणि उन्हाळ्यात खेळ बंद असताना ६. त्याहून जास्त द्यायला नियमानेच बंदी. ६० गोल करा नाहीतर ६ करा, वरची मर्यादा तीच. शिवाय करार संपला तरी क्लबाने मोकळे केल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. क्लब पगार बंद करून खेळाडूला नुसता अडकवूनही ठेवू शकत असे. खेळ संपल्यावर डीनने चेस्टरमध्ये दारूचा गुत्ता चालवला, पुढे एका कंपनीत हमालीचे काम केले. १९८० साली एव्हर्टनच्याच मैदानात, सामना बघता बघता, तो गेला. त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभा राहिला तो २००१ मध्ये.

आम्ही डीनची आणि रूपसिंगांची तुलना करतो ती गोलांसाठी नव्हे. फुटबॉल वेगळा, हॉकी वेगळी. बघायचे एवढेच की डीनला पगार होता पण खेळ थांबल्यावर आधार नव्हता. इकडे खेळाचा पगार नव्हता, पण नोकरी होती, गणवेश होता, पद होते. खेळाडूला संस्थानांनी जे दिले ते हे. मानवदर हे काठेवाडातले चिमुकले संस्थान, पण तिथल्या नवाबांना हॉकीचे इतके वेड की खेळाडू गोळा करून संघ उभा केला. १९३५ च्या न्यूझीलंड दौऱ्यावर जायचे नवाबसाहेबांनी नाकारले तेव्हा कप्तानपद ध्यानचंदांकडे आले. भोपाळने बर्लिनला अहमद शेरखान आणि एहसान मोहम्मद खान दिले. क्रिकेटमध्ये होळकरांनी सी. के. नायडूंना इंदूरला आणले आणि फौजेत घेतले. त्यांच्या नावामागचे ‘कर्नल’ आणि रूपसिंगांच्या मागचे ‘कॅप्टन’ ही एकाच टाकसाळीची नाणी. सांगलीचे विजय हजारे असेच देवासला आणि मग बडोद्याला गेले. संस्थानिकांना नावे ठेवायला पुष्कळ जागा आहे, ती आम्हीही ठेवतो. पण खेळाडूला पोटाची काळजी न करता वर्षानुवर्षे खेळू देणे ही गोष्ट लहान नव्हे. आपल्या गावाला ती रीत माहीत होती. गवयांच्या बाबतीत दरबाराने तेच केले. १९१८ साली भातखंड्यांच्या मदतीने माधव संगीत महाविद्यालय निघाले ते काय हवेतून? फरक एवढाच की गवयांची नावे आपण घराघरांत जपली. त्यात आपले पंडित होते, आपलेच नातलग होते. हॉकीवाला झाशीचा रजपूत. त्याला आपण स्टेडियमवर सोडून दिला.

बर्लिनचे थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १९३६ च्या जुलैमध्ये सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. संघ हबकला, दारांना विमानाने बोलावून घेतले. उपांत्य सामन्यात फ्रान्सवर १० गोल झाले, त्यात रूपसिंगांचे ३. अंतिम सामना १४ ऑगस्टचा, पावसाने तो १५ वर गेला. सामन्यापूर्वी पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केले. त्यात ब्रिटिश फौजेचे नोकर होते, हे विसरू नका. मैदान निसरडे, चेंडू पळेना, मध्यंतराला भारताचा एकच गोल. तो रूपसिंगांचा. मग ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढले, आणि शेवट ८-१ असा झाला.

त्या दिवशी रूपसिंग २८ वर्षांचेही नव्हते. पुढचे ऑलिंपिक १९४० चे. युद्धामुळे झाले नाही. १९४४ चेही नाही. १९४८ ला ते चाळीशीला आले होते. आम्हाला या आठ वर्षांचा विचार केला की वाईट वाटते. ज्या वयात खेळाडू पिकतो तीच वर्षे जगाने खाऊन टाकली. त्याच १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले, आणि पुढे संस्थानी फौजा भारतीय सैन्यात मिसळल्या. ज्या फौजेने कॅप्टन केले ती फौज गेली, पद तेवढे नावाला चिकटून राहिले. माणूसही इथेच राहिला.

इथपर्यंत वाचलेले सांगितले. आता आमचे स्वतःचे.

१५ मार्च १९७५. क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. आम्ही शाळेच्या संघात हॉकी खेळणारी सात-आठ मराठी पोरे एका मित्राच्या घरी रेडिओला कान लावून बसलो होतो. जसदेवसिंगांचा आवाज टिपेला गेला, अशोककुमारने गोल केला, भारत २-१ ने जिंकला. आम्ही काठ्या घेऊन बाड्यापर्यंत नाचत गेलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रत्येकाला अशोककुमारच व्हायचे होते. अशोककुमार ध्यानचंदांचा मुलगा, हे आम्हाला माहीत होते. पण अशोककुमारचा सख्खा काका, ज्याच्या नावावर एका ऑलिंपिकमध्ये बापापेक्षाही जास्त गोल होते, तो आमच्याच गावात राहतो, हे आम्हाला कुणीही सांगितले नाही. शिकवणाऱ्यांनी नाही, घरातल्या मोठ्यांनी नाही. आम्ही विचारलेही नाही. सायकलीवर टांग मारून जाता आले असते. काठी कशी धरायची एवढे जरी विचारले असते तरी जन्माचे पुरले असते.

१६ डिसेंबर १९७७ ला ते गेले. वर्तमानपत्रात वाचून कळले. त्यानंतर स्टेडियमला नाव दिले गेले, आणि मग १९८८ च्या २२ जानेवारीला तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना झाला. हॉकीवाल्याच्या नावाच्या मैदानावर क्रिकेट! १९९७ साली मुंबई आणि दिल्ली यांचा रणजीचा अंतिम सामनाही तिथे दिव्यांच्या उजेडात झाला. सामना सुरू झाला की समालोचक ‘कॅप्टन रूपसिंग स्टेडियम’ म्हणत, त्यामुळे निदान नाव तरी कानावर पडे. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या भुयारी रेल्वेच्या नकाशात स्टेशनांना जगातल्या मोठ्या खेळाडूंची नावे दिली होती. त्यात भारतीय तीनच, तिघेही हॉकीचे: ध्यानचंद, लेस्ली क्लॉडियस आणि रूपसिंग. लंडनवाल्यांना माहीत होते, बघा.

आता येत्या ६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्धचा सामना शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर आहे. चौदा वर्षांनी आंतरराष्ट्रीय सामना गावात येतो आहे. आपण सगळे जाणार, आम्हीही तिकिटाच्या खटपटीत आहोत. नवे मैदान झाले याचा आनंदच आहे. पण टीव्हीवरून रूपसिंगांचे नाव आता जाणार. मग ते राहील रिक्षावाल्याच्या तोंडी, आणि हळूहळू तेही ‘पुराना स्टेडियम’ होईल.

गावातली हॉकी मेलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. कंपूत मुलींची राज्य हॉकी अकादमी २००६ पासून चालू आहे. टोकियोत चौथ्या आलेल्या भारतीय संघात तिथे घडलेल्या मुली होत्या. आपले कंपू हे नावच शिंद्यांच्या फौजेच्या छावणीवरून आलेले; तिथे आज मुली काठ्या घेऊन पहाटे धावतात, यात आम्हाला मोठी गंमत वाटते. गेल्याच महिन्यात पॅरिसला भारताने कांस्यपदक जिंकले, त्या संघाच्या प्रशिक्षकांत आपल्या गावचा शिवेंद्र सिंग होता. त्या पहाटे धावणाऱ्या मुलींना स्टेडियमच्या नावातला कॅप्टन कशाचा हे ठाऊक असेलही. आपल्या मुलांना नाही. परवा आम्ही याच मंडळाच्या सहा मुलांना विचारले. चौघे म्हणाले क्रिकेटर, एक म्हणाला फौजी, एकाने मोबाईल काढला.

फौजी म्हणणारा निम्मा बरोबर होता, त्याला आम्ही पेढा दिला.

तर विनंती अशी. इथे बसलेल्या बऱ्याच घरांतले आजोबा-पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते, कुणी फौजेत, कुणी खात्यांत. ट्रंकांत जुने फोटो असतील: पलटणीचे, सामन्यांचे, बक्षीस-समारंभांचे. कोपऱ्यात हॉकीची काठी दिसली तर तो फोटो बाजूला काढा. कोण उभे आहे ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहा. पेनने लिहू नका, शाई पुढे उतरते. अनंत चतुर्दशीपर्यंत नऊ दिवस आहेत. तोपर्यंत आणून दिलेत तर पुढच्या वर्षीच्या उत्सवात मांडता येतील. सगळे फोटो परत मिळतील. रीतसर पावती देऊ.